आम्लात जगण्याची किंमत
प्रोबायोटिक यीस्टची सहनशक्ती, तिची घडण आणि तिच्या मर्यादा

माणसाचे जठर जितके पचनाचे इंद्रिय आहे, तितकेच ते संरक्षणाचेही आहे. त्याच्या अस्तरातील ग्रंथी दिवसाकाठी सुमारे दोन लिटर जठररस स्रवतात. त्यातील हायड्रोक्लोरिक आम्लामुळे उपाशीपोटी जठराचा सामू एक ते दोनच्या दरम्यान राहतो आणि अन्नपाण्याबरोबर आत शिरलेले बहुसंख्य सूक्ष्मजीव लहान आतड्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच तेथे मरतात. कॉलऱ्याचे जंतू फार मोठ्या संख्येने पोटात गेल्याखेरीज निरोगी माणसाला सहसा आजारी पाडू शकत नाहीत, त्यामागचे एक प्रमुख कारण हेच आम्ल आहे. पण जे आम्ल रोगजंतूंना अडवते, तेच औषध म्हणून मुद्दाम गिळलेल्या उपयुक्त सूक्ष्मजीवांनाही अडवते, कारण मित्र आणि शत्रू हा भेद त्याला ठाऊक नसतो. प्रोबायोटिक या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पुडीला आणि कॅप्सूलला या दारातूनच आत जावे लागते.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली प्रोबायोटिकची जी व्याख्या केली, तिच्यात ‘जिवंत’ ही अट आहे : पुरेशा प्रमाणात दिले असता यजमानाच्या आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मार्गदर्शक तत्त्वांत आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली मिळून आखलेल्या भारतीय तत्त्वांतही, जठराचे आम्ल आणि पित्त यांना टिकाव धरण्याची क्षमता ही चाचणीची बाब म्हणून नमूद आहे. अशा चाचणीमुळे आम्लसहनशीलता हा एखाद्या वाणाचा कायमचा, अंगभूत गुण असावा, असा समज सहज होतो. वाण उत्तीर्ण झाला की त्याची प्रत्येक पेशी प्रत्येक वेळी आम्लातून सुखरूप पार पडेल, असे गृहीत धरले जाते. यीस्टच्या पेशीचा गेल्या चार-पाच दशकांत झालेला अभ्यास मात्र वेगळे चित्र उभे करतो. आम्लात जगणे हे पेशीचे क्षणोक्षणी चाललेले काम आहे, त्याला ऊर्जेची किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत मोजण्याची ऐपत पेशीने आधी काय खाल्ले, काय सोसले आणि ती कोणत्या अवस्थेत आम्लाला सामोरी गेली यांवर ठरते.

लिचीच्या सालीपासून औषधाच्या पुडीपर्यंत

प्रोबायोटिक म्हणून वापरले जाणारे बहुतेक सूक्ष्मजीव जिवाणू आहेत. लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम या त्यांच्या परिचित प्रजाती. यीस्ट मात्र कवकवर्गातील, म्हणजे बुरशीच्या नात्यातील एकपेशीय सजीव असून त्याच्या पेशीत माणसाच्या पेशीसारखेच पटलाने वेढलेले केंद्रक असते. औषधी उपयोगाच्या बाबतीत ज्याचा अभ्यास सर्वाधिक झाला, त्या यीस्टचे नाव सॅकरोमायसीस बोलार्डी असे आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ आन्री बुलार यांनी १९२० च्या दशकात इंडोचायनामध्ये, म्हणजे आजच्या व्हिएतनाम, लाओस व कंबोडिया या प्रदेशात, ते लिची आणि मँगोस्टीन या फळांपासून वेगळे केले. कॉलऱ्याच्या साथीत तेथील लोक या फळांच्या सालींचा काढा जुलाबावर घेत असल्याचे त्यांच्या पाहण्यात आले आणि त्या काढ्याच्या गुणाचा शोध घेताना हे यीस्ट हाती लागले, असा त्याचा इतिहास सांगितला जातो. पुढे बायोकोडेक्स या फ्रेंच कंपनीने त्याचे औषध केले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील राष्ट्रीय संग्रहात त्या वाणाची नोंद झाली.

बोलार्डी ही स्वतंत्र जाती आहे की नाही, यावर बराच काळ मतभेद होते. जनुकीय वाचनाने त्यांचा निकाल लावला : पाव फुगवणारे आणि मद्य आंबवणारे जे सॅकरोमायसीस सेरेव्हिसी, त्याच्याशी बोलार्डीचे जनुकद्रव्य ९९ टक्क्यांहून अधिक जुळते, त्यामुळे आज त्याला सेरेव्हिसीचाच एक प्रकार मानले जाते. या निकालाने एक मोठी सोयही झाली. सेरेव्हिसी हा जीवशास्त्राने अतिशय बारकाईने तपासलेल्या सजीवांपैकी एक असल्यामुळे, आम्लाच्या ताणाबद्दल त्याच्याकडून मिळालेले ज्ञान बोलार्डीला बऱ्याच अंशी लागू करता येते, आणि जेथे दोघे वेगळे वागतात तेथे त्या उरलेल्या थोड्या फरकात कारण शोधता येते.

या यीस्टची वैद्यकीय उपयुक्तता दोन गोष्टींतून येते. पहिली अशी की जिवाणूंवर मारा करणारी प्रतिजैविके यीस्टला काहीच करत नाहीत, म्हणून प्रतिजैविकांच्या उपचारामुळे होणाऱ्या अतिसारात ते त्या औषधांबरोबरच देता येते. दुसरी अशी की आतड्यात ते नुसते उपस्थित राहत नाही : क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूच्या विषाचे तुकडे करणारे एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, ते बाहेर सोडते, हे १९९० च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले. मात्र ते आतड्यात कायमचे वस्तीला राहत नाही. रोज घेतल्यास साधारण तीन दिवसांत त्याची संख्या स्थिरावते आणि घेणे थांबवल्यावर काही दिवसांतच ते शरीरातून निघून जाते. म्हणजे प्रत्येक मात्रेतील पेशींना जठराचे दार नव्याने ओलांडावे लागते, आणि आधी पोहोचलेल्या पेशींच्या भरवशावर राहता येत नाही.

एकास एक लाख

आम्लाचा ताण किती मोठा आहे, हे समजण्यासाठी सामू या मोजमापाचा अर्थ लक्षात घ्यावा लागतो. हे मापही यीस्टच्या सहवासातच जन्माला आले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, जिची स्थापना बिअर गाळणाऱ्या कारखान्याने केली होती आणि जेथे एमिल क्रिश्चन हॅन्सन यांनी १८८३ साली एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची पद्धत सिद्ध केली होती, तेथेच १९०९ साली एस. पी. एल. सोरेन्सन यांनी सामूची श्रेणी मांडली. द्रावणात हायड्रोजनचे धन आयन, म्हणजेच प्रोटॉन, किती आहेत हे ती श्रेणी सांगते. ती गुणोत्तराची श्रेणी असल्याने सामू एका अंकाने उतरला की प्रोटॉनांचे प्रमाण दहापट होते. वाढत्या यीस्टच्या पेशीद्रवाचा सामू सातच्या जवळ असतो. बाहेर जठररसाचा सामू दोन असेल तर पेशीच्या आत आणि बाहेर प्रोटॉनांच्या प्रमाणात एकास एक लाख असा फरक पडतो. हा फरक ज्या पटलाच्या दोन बाजूंना टिकवायचा, ते पेशीपटल एका मिलिमीटरच्या सुमारे एक लाखाव्या भागाइतके पातळ असते.

इतक्या दाबाखाली प्रोटॉन आत झिरपणे अटळ असते. आत आलेले प्रोटॉन तसेच राहिले तर विकरांचा आकार बिघडतो, चयापचयाची साखळी तुटते आणि पेशी मरते. त्यांना बाहेर काढण्याचे काम पेशीपटलात रोवलेले पीएमए-१ नावाचे प्रथिन करते. ते एक पंप आहे : पेशीचे ऊर्जाचलन असलेल्या एटीपीचा एक रेणू खर्च करून ते एक प्रोटॉन बाहेर ढकलते. यीस्टच्या पेशीपटलात सर्वाधिक संख्येने आढळणारे प्रथिन तेच आहे, आणि पेशीच्या एकूण ऊर्जेचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग त्याच्यावर खर्च होतो, असा अंदाज केला जातो. गळक्या होडीतून पाणी उपसत राहणाऱ्या नावाड्यासारखी ही स्थिती असते. होडी तरंगते ती लाकडाच्या जोरावर जितकी, तितकीच उपसणाऱ्याच्या दमावर. पेशीच्या आत रिक्तिका नावाची एक आम्लधर्मी पिशवी असते आणि तिच्या पटलावरचा दुसरा, अनेक भागांचा पंप पेशीद्रवातील काही प्रोटॉन त्या पिशवीत साठवून पहिल्या पंपाला मदत करतो.

या व्यवस्थेचा सर्वांत अर्थपूर्ण भाग म्हणजे तिच्यावरचे नियंत्रण. पीएमए-१ चे शेपटासारखे टोक एरवी स्वतःच्याच कामाला आवर घालते. ग्लुकोज उपलब्ध झाले की त्या टोकावर फॉस्फेटचे गट जोडले जातात, आवर सैल होतो आणि पंप वेगाने चालू लागतो. म्हणजे खायला साखर असेल तेव्हा पेशी जोमाने प्रोटॉन बाहेर टाकते आणि उपासमारीत तिचा पंप मंदावतो. साखर असलेल्या आम्लधर्मी द्रावणात सुखाने वाढणारे यीस्ट साखर नसलेल्या तेवढ्याच आम्लात का खचते, याचे एक मोठे कारण येथे सापडते. सहनशीलता ऊर्जेला अशी बांधलेली आहे, म्हणूनच ती केवळ वाणाच्या नावावरून सांगता येत नाही.

भित्तिका, पटल आणि धोक्याची सूचना

पंपाचे काम किती वाढेल, हे आत किती प्रोटॉन झिरपतात यावर ठरते, आणि ते झिरपणे कमी करण्याचा प्रयत्न पेशी दोन पातळ्यांवर करते. सर्वांत बाहेर पेशीभित्तिका असते. ती मुख्यतः ग्लुकान या शर्करासाखळ्यांची आणि मॅनोज शर्करेने मढवलेल्या प्रथिनांची बनलेली असून तिच्यात थोडे कायटिनही असते. भित्तिका प्रोटॉनांना पूर्णपणे रोखू शकत नाही, पण ती दुबळी झाली तर पेशीचा आकार आणि तिच्या आतील पटल दोन्ही धोक्यात येतात. भित्तिकेवर ताण आल्याचे तिच्याशी जोडलेली संवेदक प्रथिने ओळखतात आणि ती सूचना एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे अशा साखळीने केंद्रकापर्यंत पोहोचते. तेथे भित्तिकेची डागडुजी करणारी जनुके कामाला लागतात. ब्राझीलमधील रेसिफे येथील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खनिज आम्लाने सामू उतरवला असता टिकून राहण्यासाठी हा भित्तिकारक्षणाचा संदेशमार्ग विशेष महत्त्वाचा असल्याचे दिसले. ज्या पेशींत त्यातील दुवे काढून टाकले होते, त्या आम्लाला चटकन बळी पडल्या.

भित्तिकेच्या आतले पेशीपटल हे स्निग्ध रेणूंचे दुहेरी अस्तर असते आणि त्यात अर्गोस्टेरॉल नावाचे स्टेरॉल मिसळलेले असते. माणसाच्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल जे काम करते, तेच यीस्टमध्ये अर्गोस्टेरॉल करते. या स्टेरॉलांचे प्रकार आणि प्रमाण बदलले की पटलाचा घट्टपणा बदलतो आणि त्यासोबत प्रोटॉन किती सहज आत येतील हेही बदलते. अर्गोस्टेरॉल तयार होण्यासाठी प्राणवायू लागतो. म्हणजे भरपूर हवेत वाढवलेल्या पेशीचे पटल आणि हवेविना वाढवलेल्या पेशीचे पटल, वाण एकच असला तरी, सारखे असत नाही.

खनिज आम्ल आणि सेंद्रिय आम्ल

आम्लाचा ताण म्हणताना दोन वेगळ्या संकटांची गल्लत होऊ देता कामा नये. जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल हे तीव्र आम्ल आहे. पाण्यात ते पूर्णपणे विघटित होते आणि त्याचे प्रोटॉन पेशीच्या बाहेरून दाब आणतात. ॲसेटिक आम्ल, म्हणजे विनेगरमधील आम्ल, आणि दह्यातील लॅक्टिक आम्ल ही सौम्य आम्ले आहेत. त्यांचे काही रेणू विघटित होतात आणि काही अखंड राहतात. ॲसेटिक आम्लाच्या बाबतीत सामू ४.७६ असताना निम्मे रेणू अखंड असतात, आणि सामू आणखी दोन अंकांनी उतरला की ९९ टक्के. अखंड रेणूवर विद्युतभार नसल्याने तो पेशीपटलातून सहज आत शिरतो, आतल्या सात सामूच्या पेशीद्रवात त्याचे विघटन होते, प्रोटॉन सुटा होतो आणि मागे राहिलेला भारित ॲसेटेट आयन सहजासहजी बाहेर पडू शकत नाही. त्यामुळे सौम्य आम्ल पेशीला आतून आम्लधर्मी करते आणि शिवाय आयनांचा साठा वाढवून वेगळे नुकसान करते. गोव्यात माडाची सूर आंबताना प्रथम यीस्ट साखरेचे मद्यार्क करते आणि पुढे हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने जिवाणू त्या मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल करून विनेगर बनवतात. ज्या द्रवात यीस्टचे राज्य होते, तेथे हे सौम्य आम्लच शेवटी त्याला निष्प्रभ करते.

या संकटाला पेशीचा प्रतिसादही वेगळा असतो. एरवी ग्लिसरॉलच्या वाहतुकीसाठी असलेल्या एफपीएस-१ या वाहिनीतून अखंड ॲसेटिक आम्ल आत येते. आम्ल वाढल्यावर हॉग-१ हे संदेशवाहक प्रथिन त्या वाहिनीवर खूण करते आणि पेशी ती वाहिनी पटलातून आत ओढून नष्ट करते, हे २००७ साली दाखवले गेले. लिस्बनच्या इझाबेल सा-कोरेया यांच्या गटाने हा-१ नावाच्या नियंत्रक प्रथिनाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. ॲसेटिक आम्लाच्या उपस्थितीत ते केंद्रकात जाते आणि आम्लाचे अवशेष बाहेर टाकणाऱ्या वाहकांची व पेशीभित्तिका बळकट करणाऱ्या प्रथिनांची जनुके चालू करते. मुरंबे व सॉस टिकवण्यासाठी वापरली जाणारी सॉर्बिक आणि बेंझोइक आम्ले आली तर आणखी एक निराळे नियंत्रक प्रथिन जागे होऊन पीडीआर-१२ या वाहकाची संख्या वाढवते. एका आम्लासाठी तयार झालेली पेशी दुसऱ्या आम्लासाठीही तयार असेल असे नाही. म्हणूनच विनेगरच्या आम्लात टिकणारे यीस्ट जठरातही टिकेल, हे अनुमान धोक्याचे ठरते.

आतले आम्ल हीच सूचना

पेशीद्रवाचा सामू उतरणे हे केवळ नुकसान आहे, ही समजूत अलीकडच्या संशोधनाने बदलली आहे. उपासमारीत ऊर्जा संपून पंप मंदावला की पेशीद्रवाचा सामू सहाच्या आसपास उतरतो. ड्रेस्डेन येथील माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी २०१६ साली दाखवले की अशा वेळी अनेक प्रथिने एकमेकांना चिकटून मोठे समूह बनवतात, पेशीद्रव प्रवाही न राहता घनपदार्थासारखा घट्ट होतो आणि पेशी सुप्तावस्थेत जाते. ज्या पेशींत हा बदल घडतो, त्या उपासमारीतून अधिक संख्येने वाचतात. साखर परत मिळाली की पंप चालू होतो, सामू वर चढतो आणि पेशीद्रव पुन्हा प्रवाही होतो. २०२० साली शिकागोतील संशोधकांनी आणखी एक दुवा जोडला : उष्णतेच्या धक्क्यात पेशीद्रव काही काळ आम्लधर्मी होणे हे ताणरोधक प्रथिनांची निर्मिती नीट सुरू होण्यासाठी उपयुक्त असते, मात्र नंतर सामू मूळ पातळीकडे परतावा लागतो; जी पेशी तो परत आणू शकते, ती सावरते.

या ताणरोधक प्रथिनांबरोबर पेशी ट्रेहॅलोज नावाची शर्करा साठवते. ती प्रथिनांना उलगडू देत नाही आणि पटलाला आधार देते. एका ताणासाठी उभी केलेली ही सामग्री दुसऱ्या ताणातही उपयोगी पडते, म्हणून सौम्य उष्णतेतून गेलेली किंवा अन्न संपल्यावर वाढ थांबवून स्थिरावलेली पेशी, भरधाव वाढणाऱ्या पेशीपेक्षा आम्लालाही अधिक चांगले तोंड देते. पेशीच्या भूतकाळाचा हा परिणाम काही तास टिकतो आणि सहनशीलतेच्या कोणत्याही चाचणीच्या निकालात तो मिसळलेला असतो. याच कारणाने एकाच वाणावर वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी केलेल्या आम्लचाचण्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा त्यांपैकी एक खोटा असलाच पाहिजे असे मानण्याचे कारण नसते.

पिढ्यांतून घडणारे अनुकूलन

आतापर्यंत वर्णन केलेले बदल एकाच पेशीच्या आयुष्यात घडतात आणि ताण गेला की ओसरतात. अनुकूलनाचा दुसरा अर्थ पिढ्यांचा आहे : जनुकांत उत्परिवर्तने होतात, त्यांपैकी उपयुक्त ठरलेली टिकतात आणि वंशपरंपरेने पुढे जातात. स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सेरेव्हिसी यीस्ट सामू २.८ या पातळीवर अनेक पिढ्या वाढवले. एका मालिकेत सामू हायड्रोक्लोरिक आम्लाने उतरवला होता आणि दुसरीत लॅक्टिक आम्लाने. सामू तोच असूनही दोन्ही मालिका दोन वेगळ्या वाटांनी गेल्या. हायड्रोक्लोरिक आम्लात टिकलेल्या वंशांत पटलातील स्टेरॉलांची घडण बदलली होती आणि लोह आत घेण्याची क्रिया मंदावली होती. लॅक्टिक आम्लात टिकलेल्या वंशांत पेशी विभाजनानंतर एकमेकींपासून अलग न होता बहुपेशीय पुंजके करून राहू लागल्या आणि लॅक्टिक आम्ल वेगाने पचवू लागल्या. निसर्ग आम्लसहनशीलता या अमूर्त गुणाची निवड करत नाही, विशिष्ट आम्लाच्या विशिष्ट संकटात टिकण्याच्या गुणाची करतो, हे या प्रयोगाने स्पष्ट केले.

अशा निवडीचे अफाट उदाहरण ब्राझीलच्या इथेनॉल उद्योगात रोज घडत असते. तेथे उसाच्या रसावर आणि मळीवर चाललेले किण्वन अवघ्या सहा ते बारा तासांत पूर्ण केले जाते, आणि यीस्ट टाकून न देता त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पुढच्या घाण्यासाठी परत वापरला जातो. परत वापरण्यापूर्वी त्यात शिरलेले जिवाणू मारण्यासाठी सल्फ्युरिक आम्ल घालून सामू दोन ते अडीचपर्यंत उतरवतात आणि यीस्ट त्यात एक ते तीन तास ठेवतात. गाळपाच्या संपूर्ण हंगामात ही प्रक्रिया शेकडो वेळा होते. हंगामाच्या सुरुवातीला सोडलेले बेकरीचे यीस्ट या माऱ्यात काही आठवड्यांत हटते आणि त्याची जागा बाहेरून आलेले रांगडे वाण घेतात. पीई-२ आणि कॅट-१ हे तेथील प्रसिद्ध औद्योगिक वाण अशाच आसवन्यांतून निवडून काढलेले आहेत. मळीपासून इथेनॉल करणारे साखर कारखाने महाराष्ट्रात मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे आम्लसहनशील यीस्टचा प्रश्न येथे औषधाच्या दुकानापुरता राहत नाही. तो उसाच्या अर्थकारणापर्यंत पोहोचतो.

बोलार्डीचे वेगळेपण

बोलार्डी पेशी आम्लात सामान्य प्रयोगशाळेतील सेरेव्हिसीपेक्षा बऱ्या टिकतात, हे ब्राझीलमधील २००४ च्या आणि मँचेस्टरमधील २००७ च्या तुलनात्मक अभ्यासांत आढळले. मँचेस्टरच्या अभ्यासात त्यांच्यात नवव्या गुणसूत्राची एक जादा प्रत आणि काही जनुकांच्या प्रतींची बदललेली संख्या दिसून आली. प्रथिननिर्मिती आणि ताणाचा प्रतिसाद यांच्याशी निगडित जनुकांचा त्यात समावेश होता. चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतील भारतीय संशोधकांनी २०१३ आणि २०१७ साली बोलार्डीच्या जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध केले. त्यात या यीस्टचे नाते मद्य आंबवणाऱ्या वाणांशी निकटचे असल्याचे दिसले. सेरेव्हिसीला साधारण ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते, तर बोलार्डी माणसाच्या शरीराच्या ३७ अंशांवर उत्तम वाढते. तापमानाचा ताण नसल्याने उरलेली ऊर्जा आम्लाशी झुंजण्याला मिळत असावी, हा या दोन गुणांचा संभाव्य संबंध ध्यानात घेण्याजोगा आहे.

त्याहून विलक्षण शोध बेल्जियममधील लूव्हेन येथे लागला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनानुसार बोलार्डी ३७ अंशांवर स्वतःच मोठ्या प्रमाणात ॲसेटिक आम्ल तयार करते, आणि प्रयोगशाळेत ते आम्ल जिवाणूंच्या वाढीला आवर घालते. या गुणाचे मूळ दोन जनुकांतील बदलांच्या संयोगात सापडले : त्यांपैकी एसडीएच-१ हे तंतुकणिकांतील श्वसनाच्या विकराचे जनुक आहे आणि डब्ल्यूएचआय-२ हे ताणाच्या प्रतिसादाशी निगडित आहे. बोलार्डीच्या तपासलेल्या वाणांत हे बदल एकत्र आढळले. ज्या आम्लापासून यीस्टला स्वतःचा बचाव करावा लागतो, तेच आम्ल ते शस्त्र म्हणूनही वापरते. त्यामुळे आम्लसहनशीलता ही बोलार्डीच्या बाबतीत जठर ओलांडण्यापुरती गरज न राहता त्याच्या उपयुक्ततेचाच भाग बनते.

कारखान्यापासून आतड्यापर्यंत

तरीही बोलार्डी अजिंक्य नाही. सामू एकच्या आसपास असलेल्या आम्लात त्याच्याही जिवंत पेशी झपाट्याने घटतात, आणि तोंडावाटे घेतलेल्या पेशींपैकी अगदी थोडा हिस्साच मलातून जिवंत बाहेर पडताना आढळतो. ही मर्यादा मात्रेच्या आकाराने भरून काढावी लागते, म्हणून २५० मिलिग्रॅमच्या एका मात्रेत काही अब्ज पेशी दिल्या जातात. अल्जिनेट या समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या पदार्थाच्या बारीक गोळ्यांत पेशी बंद करून त्यांना जठरात अधिक काळ जगवण्याचे प्रयोगही झाले आहेत.

पुडीतील यीस्ट गोठवून सुकवलेले असते. सुकलेल्या पेशीत चयापचय जवळपास थांबलेला असतो, तिचा पंप चालत नाही, आणि पाणी मिळताच पहिल्या काही मिनिटांत तिचे पटल विस्कळीत व गळके असते. सुकवण्यापूर्वी साठवलेले ट्रेहॅलोज या क्षणी पटल सावरते. म्हणून यीस्ट कोणत्या अवस्थेत वाढवून, कितपत ट्रेहॅलोज साठू देऊन, कसे सुकवले आणि किती तापमानात साठवले, यांवर त्याचे जठरातील भवितव्य बरेचसे ठरून गेलेले असते. जेवणाचा परिणामही तपासला गेला आहे. जेवणानंतर जठराचा सामू तात्पुरता चार-पाचपर्यंत चढतो. २०११ साली कृत्रिम पचनमार्गात केलेल्या प्रयोगात, सोबत दिलेले प्रोबायोटिक जिवाणू जेवणाबरोबर किंवा त्याच्या थोडे आधी दिल्यावर अधिक वाचले, तर बोलार्डीच्या वाचण्यावर जेवणाच्या वेळेचा फारसा फरक पडला नाही. त्या प्रयोगाच्या परिस्थितीत त्याची सहनशक्ती अन्नाच्या आधारावर अवलंबून नव्हती, आणि हा त्याच्या बाजूचा मोलाचा पुरावा आहे.

सहनशील असणे म्हणजे निरुपद्रवी असणे, असे मात्र नाही. शिरेत नळी बसवलेल्या, अतिदक्षता विभागातील किंवा रोगप्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत हे यीस्ट क्वचित रक्तात शिरल्याच्या नोंदी आहेत, आणि त्या आधारावर युरोपीय औषधनियामकांनी २०१७ साली अशा रुग्णांना ते देऊ नये अशी सूचना केली. कडक परिस्थितीत जगण्याचा जो गुण आतड्यात उपकारक ठरतो, तो चुकीच्या जागी घातक होऊ शकतो, म्हणून ते वैद्यकीय सल्ल्याखेरीज घेण्याची वस्तू नव्हे.

यीस्टची आम्लाशी झुंज तीन काळांत चालते : क्षणांत पंप चालतो, तासांत जनुके जागी होतात आणि पिढ्यांत वंश बदलतो. प्रोबायोटिकची प्रचलित चाचणी यांपैकी फक्त शेवटच्या काळाचे उत्तर मागते, कारण ती वाणाला गुण देते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या राष्ट्रीय संग्रहासारख्या ठिकाणी वाण वर्षानुवर्षे जतन होतात, आणि ते काम अमोल आहे. पण जतन केलेले नाव आणि रुग्णाच्या पोटात गेलेली पेशी यांच्यामध्ये वाढवणे, सुकवणे, साठवणे आणि गिळणे एवढे टप्पे असतात, आणि यांतील प्रत्येक टप्पा पेशीची ऐपत वाढवतो किंवा कमी करतो. म्हणून प्रोबायोटिकचे मूल्यमापन करताना, बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रत्यक्ष पुडीतील पेशींना जठराशी मिळत्याजुळत्या परिस्थितीत तपासणे, त्यांचा वाढीचा इतिहास नोंदवणे आणि किती पेशी जिवंत आतड्यात पोहोचतात हे सांगणे, या गोष्टी नियमांत आणि उत्पादकांच्या व्यवहारात याव्या लागतील. अतिसाराने क्षीण झालेल्या मुलाला पुडी देताना पालक त्या नावावर विश्वास टाकतात. त्या नावाखालच्या पेशींनी आम्लात जगण्याची किंमत मोजण्याची तयारी कारखान्यातच केलेली असावी, एवढी मागणी करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.